जाक शिराक : आधी कळस, मग पाया

हिशेबनीस (धागाकर्ता)

फ्रेंच नेत्यांबद्दल मराठीत काही वाचलं की एक वाक्य हमखास भेटतं : अमुक जण गावच्या पंचायतीतून सुरुवात करून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचला. जाक शिराकबद्दलही तेच लिहितात. सनावळी मांडली तर ते खरंही वाटतं. १९६५ ला सँत-फेरेओल या गावाच्या पंचायतीत सदस्य, १९६७ ला खासदार, १९७० ला कोरेझ जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, १९७४ ला पंतप्रधान, १९७७ ला पॅरिसचा महापौर, १९९५ ला राष्ट्राध्यक्ष. आता ही यादी पुन्हा वाचा. पंतप्रधान आधी, महापौर नंतर. गोम इथेच आहे आणि धागा त्यासाठीच काढलाय.

शिराकचा जन्म १९३२ चा, पॅरिसमधला. आजोबा दोन्हीकडचे कोरेझमधले शाळामास्तर, त्यामुळे गावाशी नातं होतं, पण ते सुट्टीत जाण्यापुरतं. शिक्षण सगळं राजधानीत. सियाँस पो ही राज्यशास्त्राची नामांकित संस्था, मग एना, म्हणजे वरिष्ठ सनदी अधिकारी घडवणारी ती प्रसिद्ध शाळा. तिथून राष्ट्रीय हिशेब तपासणी न्यायालयात नोकरी आणि १९६२ मध्ये पंतप्रधान पाँपिदूंच्या कार्यालयात. म्हणजे तिशी गाठताना हा माणूस सत्तेच्या अगदी गाभाऱ्यात होता आणि तोवर एका माणसानेही त्याला मत दिलेलं नव्हतं.

पाँपिदूंना स्वतःच्या कार्यालयातली तरुण पोरं डाव्यांच्या बालेकिल्ल्यांत लढायला पाठवायची होती. शिराकच्या वाट्याला उस्सेल आलं. कोरेझ जिल्ह्यातला डोंगराळ, गुराढोरांचा, पिढ्यान् पिढ्या डावीकडे झुकलेला मतदारसंघ. आजोबांचा गाव त्याच जिल्ह्यात असल्याने ‘बाहेरचा’ हा शिक्का थोडा पुसट झाला, आणि पंचायतीतली १९६५ ची जागा उपयोगी पडली ती याच कामी. विमानं बनवणारे मार्सेल दसो वडिलांच्या ओळखीतले. त्यांच्या पैशातून प्रचाराला एक स्थानिक वर्तमानपत्रही मिळालं. समोर कम्युनिस्ट उमेदवार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या समाजवादी फ्राँस्वा मितेराँचे थोरले बंधू रोबेर. रोबेर पहिल्या फेरीत गळाले, दुसऱ्या फेरीत शिराक काहीशे मतांनी निसटता निवडून आला. काही आठवड्यांत राज्यमंत्री, रोजगार खात्याचा.

तर माझं म्हणणं एवढंच, की हा ‘खालून वर’चा प्रवास नाही. तो वरून खाली गेला, खाली पक्की जमीन घेतली, आणि ती पुढे तीस वर्षं सोडली नाही. फ्रान्समध्ये स्थानिक पद मागे टाकून पुढे जायचं नसतं, ते हातात ठेवून पुढे जायचं असतं. का, ते त्यांच्या राज्यघटनेत आहे. सवडीने लिहितो.

सदाफुली

लिहा लिहा, वाचतेय. पण पंतप्रधान झाल्यावर माणूस महापौर कशाला होईल हो? आपल्याकडे याला कुणी बढती म्हणणार नाही.

नदीकाठचा

धागा चांगला आहे, पण ‘पॅराशूट उमेदवार’ या प्रकाराचं हे फारच गोड वर्णन झालं. वरून पाठवलेला, उद्योगपतीच्या पैशाने वर्तमानपत्र चालवून जिंकलेला, आणि लगेच मंत्री. यात जमीन वगैरे कुठे आली?

हिशेबनीस

नदीकाठचे, गोड कुठे केलंय? दसोंचं नाव मीच घेतलं की.

आता घटना. १९५८ च्या राज्यघटनेचं कलम २३ सांगतं की मंत्र्याला संसदेचं सदस्य राहता येत नाही. दोन्हींपैकी एक. निवडणूक लढवतानाच प्रत्येक उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवार असतो. खासदार मंत्री झाला की जागा त्या पर्यायी माणसाकडे जाते. मंत्रिपद गेलं की मात्र पंचाईत. २००८ च्या घटनादुरुस्तीआधी जागा आपोआप परत मिळत नव्हती, पर्यायी माणसाने राजीनामा द्यायचा आणि पोटनिवडणूक लढायची. शिराकने ऑगस्ट १९७६ मध्ये पंतप्रधानपद सोडलं, तेव्हा त्याच वर्षी कोरेझमधून पोटनिवडणूक लढवूनच तो संसदेत परतला.

पण हे कलम फक्त संसदेपुरतं आहे. मंत्र्याने गावचा मेयर राहू नये किंवा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष राहू नये, असं ते म्हणत नाही. त्यामुळे हिशेब सरळ होता : मंत्रिपद राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर, खासदारकी मंत्रिपदाबरोबर जाणारी, हातात टिकणारं असं फक्त स्थानिक पद. शिराक १९७० ते १९७९ कोरेझ जिल्हा परिषदेचा अध्यक्ष होता. म्हणजे कृषिमंत्री, गृहमंत्री आणि पंतप्रधान असतानाही तिथली खुर्ची त्याचीच.

लिमूझँची लेक

मी गेली बरीच वर्षं लिमोजच्या बाजूला राहते, कोरेझ आमचा शेजारचा जिल्हा. म्हणून दोन शब्द.

नदीकाठचे म्हणतात तसा तो आला पॅराशूटनेच, पण इथली वयस्क माणसं शिराकबद्दल बोलतात ती घरातल्या माणसासारखी. १९७२ ते ७४ मध्ये तो कृषिमंत्री होता, तेव्हापासून शेतकऱ्यांत त्याचं जे बस्तान बसलं ते शेवटपर्यंत. पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात तो दरवर्षी तासन् तास फिरायचा, गाईंच्या पाठीवर थापा मारायचा, समोर येईल ते खायचा, प्यायचा. आमच्या भागातल्या तांबूस लिमूझँ गाईंशेजारी उभा असलेला शिराक हा फोटो फ्रान्समध्ये सगळ्यांनी पाहिलेला आहे. नंतरच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाची त्या प्रदर्शनात त्याच्याशी तुलना होते आणि बिचारे सगळे तोकडे पडतात.

आणि खरा किल्ला कुणी सांभाळला, तर त्याच्या पत्नी बेर्नादेतबाईंनी! १९६९ मध्ये या दोघांनी सारां गावात बितीचा वाडा घेतला. १९७१ मध्ये बाई सारांच्या पंचायतीत निवडून आल्या, १९७९ मध्ये जिल्हा परिषदेत. नवरा महापौर झाला, पुन्हा पंतप्रधान झाला, दोनदा हरला, राष्ट्राध्यक्ष झाला, निवृत्त झाला. बाई आपल्या जिल्हा परिषदेत होत्या त्या थेट २०१५ पर्यंत. मोठ्या सरदार घराण्यातली पॅरिसची बाई, पण गावोगाव स्वतः गाडी घेऊन फिरायच्या असं इथे सांगतात. राष्ट्राध्यक्षाची पत्नी आणि त्याच वेळी मतं मागून निवडून आलेली सदस्य, अशी दुसरी झालेली नाही. तिच्यावर वेगळा धागा निघू शकतो.

सारांमध्ये आता शिराकला राष्ट्राध्यक्ष असताना मिळालेल्या भेटवस्तूंचं संग्रहालय आहे, तो पदावर असतानाच २००० साली उघडलेलं. आजूबाजूला गुरं आणि झाडी, मध्येच जगभरच्या राजेरजवाड्यांनी दिलेल्या वस्तू. बघण्यासारखं आहे.

सदाफुली

बेर्नादेतबाईंचा धागा तुम्हीच काढा ताई! आणि हिशेबनीस, माझ्या महापौरपदाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

हिशेबनीस

येतोच त्यावर. या सगळ्या कहाणीतला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच.

पॅरिसला १८७१ नंतर महापौरच नव्हता. त्या वर्षीच्या कम्यूनच्या उठावानंतर (बंडखोरांनी काही आठवडे शहर ताब्यात घेतलं होतं) राजधानीच्या हातात स्वतःची सत्ता द्यायची भीती बसली ती शंभर वर्षं गेली नाही. शहराचा कारभार सरकारने नेमलेला प्रीफे बघायचा (कलेक्टर समजा) आणि पोलिसांचा वेगळा प्रीफे. जिस्कार देस्तँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर डिसेंबर १९७५ मध्ये कायदा करून महापौरपद परत आणलं. तेव्हा पंतप्रधान कोण? शिराक. पुढे दोघांचं फाटलं. शिराकने राजीनामा दिला, डिसेंबर १९७६ मध्ये स्वतःचा पक्ष काढला, आरपीआर. जिस्कारनी महापौरपदासाठी आपला विश्वासू मंत्री मिशेल दॉर्नानो पुढे केला. शिराक ऐनवेळी रिंगणात उतरला आणि मार्च १९७७ मध्ये जिंकला. जिस्कारनी हौसेने बांधलेल्या घरात पहिला भाडेकरू म्हणून त्यांचा वैरी शिरला, आणि तब्बल १८ वर्षं हलला नाही.

म्हणून सदाफुली, ती पायउतार नव्हती. मोठं अंदाजपत्रक, हजारो कर्मचारी, परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायला राजवाड्यासारखी इमारत, आणि हे सगळं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीबाहेर. शिवाय पॅरिस हे शहरही आणि जिल्हाही, त्यामुळे दोन्हींच्या सभेचं अध्यक्षपद एकाच माणसाकडे. १९८१ ची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक तो पहिल्या फेरीत १८ टक्क्यांवर हरला, १९८८ ला मितेराँकडून दुसऱ्या फेरीत साफ आपटला, ५४ विरुद्ध ४६. दुसरा कुणी असता तर संपला असता. हा दर वेळी महापौराच्या खुर्चीत जाऊन बसायचा. १९८६ ते ८८ मध्ये तर तो पंतप्रधान आणि महापौर दोन्ही होता.

अजून एक गंमत. या १८ वर्षांत संसदेत तो पॅरिसचा खासदार नव्हता! खासदारकी १९९५ पर्यंत कोरेझचीच, रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब.

तुळशीबागवाला

पॅरिसला कामानिमित्त राहायचो तेव्हा तिथल्या जुन्या मंडळींकडून शिराकच्या कारकिर्दीतली एक गोष्ट ऐकली होती. कुत्र्यांची घाण उचलायला महापालिकेने मोटरसायकली काढल्या होत्या. हिरव्या गणवेशातला माणूस फुटपाथवर मोटरसायकल चालवत येणार आणि नळीने घाण ओढून घेणार. शहरभर चेष्टा झाली, खर्च अफाट, पण फिरत राहिल्या २००४ पर्यंत. राष्ट्रीय नेत्याला फुटपाथवरची घाणही सांभाळावी लागते, हे मला आवडलं.

नदीकाठचा

मोटरसायकली ठीक आहेत, पण त्या इमारतीत बाकी काय चाललं होतं तेही लिहा. आरपीआरचे कार्यकर्ते पक्षाचं काम करायचे आणि पगार महापालिकेच्या तिजोरीतून निघायचा. बनावट नोकऱ्यांचं प्रकरण. शिराक राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत त्याला कुणी हात लावू शकलं नाही, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसा निर्वाळा दिला. आधी शिक्षा झाली आलँ ज्युपेला, २००४ मध्ये. ज्युपे म्हणजे पॅरिस महापालिकेत शिराकचा अर्थखात्याचा उपमहापौर आणि नंतर त्याचा पंतप्रधान. शिराकचा निकाल लागला १५ डिसेंबर २०११ ला : दोन वर्षं कैद, स्थगित. पाचव्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९५८ च्या राज्यघटनेपासून, शिक्षा झालेला तो पहिला माजी राष्ट्राध्यक्ष.

तुम्ही ज्याला पाया म्हणताय ना, तो लोकांच्या पैशाचा होता. एवढंच माझं म्हणणं.

हिशेबनीस

निकाल मान्यच आहे, आणि त्यात भर घालतो. खटल्याआधी २०१० मध्ये शिराक आणि त्याच्या पक्षाच्या वारसदारांनी मिळून २२ लाख युरो पॅरिस महापालिकेला परत केले, आणि महापालिकेने दिवाणी दावा मागे घेतला. तेव्हा महापौर समाजवादी देलानोए होते. या तडजोडीवरून डाव्यांमध्येही बरीच कटकट झाली.

पण माझा मुद्दा याने खोडला जात नाही, उलट पक्का होतो. राष्ट्रीय पक्ष चालवायला पैसा, माणसं, जागा हे सगळं लागतं. विरोधात असताना ते येणार कुठून? स्थानिक सत्तेतून. पक्षांना सरकारी अनुदान देणारा कायदा १९८८ मध्ये आला, त्याआधी सगळ्याच पक्षांचा संसार कुठल्या ना कुठल्या पालिकेच्या आडोशाने चालायचा. शिराकचा पसारा सगळ्यात मोठा, कारण त्याची पालिका सगळ्यात मोठी. याने गुन्हा कमी होत नाही, पण यंत्र कसं चालत होतं ते कळतं.

चौकसबुद्धी

१९८३ मध्ये त्याने पॅरिसचे वीसच्या वीस प्रभाग जिंकले, १९८९ मध्ये पुन्हा वीसच्या वीस, असं वाचलं होतं. एवढी लाट होती?

हिशेबनीस

लाट होती, पण आकड्यात नियमाचाही हात आहे. १९८२ च्या कायद्याने पॅरिस, ल्याँ आणि मार्सेयमध्ये प्रभागवार निवडणूक आणली. तेव्हा प्रत्येक प्रभागात पहिल्या आलेल्या यादीला निम्म्या जागा आधीच मिळायच्या, उरलेल्या निम्म्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जायच्या आणि त्यातही तिचा वाटा असायचाच. थोडक्या फरकाने जिंकलात तरी त्या प्रभागात तुमचंच राज्य. हा कायदा डाव्या सरकारने केला. त्यांना वाटलं होतं काही प्रभाग तरी आपल्याकडे येतील. आला एकही नाही. शिराक गेल्यावर, त्याचा उत्तराधिकारी ज्याँ तिबेरीच्या पहिल्याच निवडणुकीत, १९९५ मध्ये, सहा प्रभाग डाव्यांकडे गेले. म्हणजे वीसमधला काही भाग नियमाचा होता, पण मोठा भाग शिराकचाच.

राजापूरकर

फ्रान्सचं राजकारण आमच्या दारात येऊन पोचलंय म्हणून हा धागा वाचला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा करार २०१० मध्ये तेव्हाचे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत झाला हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये शिराक दिल्लीत आले होते तेव्हाच अणुऊर्जेवर संयुक्त निवेदन निघालं. माडबनच्या सड्यावर ९९०० मेगावॅटचं जे स्वप्न दाखवलं गेलं त्याची सुरुवात तिथून म्हणायची. आम्ही विरोधातले, तेव्हा कौतुक करणार नाही. पण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर पाश्चात्त्य देशांत भारताशी बोलणं न तोडणारे हेच होते, हेही खरं.

लिमूझँची लेक

राजापूरकर, आपल्या प्रजासत्ताक दिनाला ते दोनदा प्रमुख पाहुणे होते : १९७६ ला पंतप्रधान म्हणून आणि १९९८ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून. तारुण्यात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. पॅरिसमध्ये एक रशियन निर्वासित गृहस्थ शिकवायला मिळाले. काही दिवसांनी त्या गुरुजींनी सांगितलं, बाबा रे, तुला संस्कृत काही जमणार नाही, त्यापेक्षा रशियन शीक. मग ते रशियन शिकले. आशियाई कलेचं त्यांचं वेड मात्र खरं होतं, पण मतदारांपुढे ते कधी मिरवलं नाही. गाईंच्या पाठीवर थापा मारणारा शिराकच त्यांना दाखवायचा होता.

चौकसबुद्धी

एक राहिलं. इतकी पदं एकाच माणसाकडे, हे अजूनही चालतं का?

हिशेबनीस

नाही. १९८५ मध्ये पहिली वेसण बसली, मोठी पदं दोनच. खरा दणका २०१४ चा कायदा, लागू २०१७ पासून : खासदाराने मेयर, उपमेयर किंवा जिल्हा-प्रदेश परिषदेचा अध्यक्ष राहायचं नाही. साधा सदस्य राहू शकतो. आणि हा कायदा कुणाच्या राजवटीत झाला? फ्राँस्वा ओलाँदच्या. जो स्वतः १९८१ मध्ये कोरेझमध्ये शिराकविरुद्ध उभा राहून पहिल्याच फेरीत पडला, पण तिथेच तळ ठोकून बसला. पुढे त्याच जिल्ह्याचा खासदार, २००१ पासून तिथल्या त्युल शहराचा मेयर, २००८ पासून शिराकच्याच जुन्या खुर्चीत, म्हणजे कोरेझ जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी, आणि २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष. तोही पॅरिसच्या एना शाळेतून आलेलाच. अडीच लाखांच्या आतबाहेर वस्तीचा जिल्हा, आणि दोन राष्ट्राध्यक्ष त्याच वाटेने गेले. मॅक्रॉनने मात्र राष्ट्राध्यक्ष होण्याआधी कुठलीच निवडणूक लढवलेली नव्हती.

नदीकाठचा

म्हणजे ज्या वाटेने वर गेला ती ओलाँदने मागच्यांसाठी बंद केली. हे मात्र मला आवडलं.

लिमूझँची लेक

वाट अगदीच बंद झाली असं नाही हो. कायदा खासदारांना अडवतो, मंत्र्यांना नाही. एदुआर फिलिप २०१७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी ल हाव्र या बंदराच्या शहराचं मेयरपद सोडलं, पण तिथल्या सभेत साधे सदस्य राहिले. २०२० मध्ये पंतप्रधान असतानाच ती निवडणूक लढवून जिंकले, आणि जुलैमध्ये पंतप्रधानपद गेलं त्याच आठवड्यात ल हाव्रमध्ये जाऊन मेयरच्या खुर्चीत बसले. हिशेबनीस, तुमच्या धाग्याला दुसरा भाग लागणार.

हिशेबनीस

लागणार खरा. फिलिप राहिलेच होते. पण आधी बेर्नादेतबाईंचा धागा तुम्ही काढा, मग मी ल हाव्रला वळतो.